प्राण्यांच्या नांवांचीं आसनें : मुलांस व वडील माणसांस एक पाठ

मांजर झोपेंतून उठलें म्हणजे तें लागलीच चालूं लागत नाहीं. प्रथम पुढचे पाय लांब पसरून तें छाती जमिनीजवळ आणतें, मग पाठीची कमान करितें, एक मोठी जांभई देतें, आणि नंतरच स्वयंपाकघराच्या वाटेस लागतें. कुत्र्याचीहि रीत बहुतेक हीच. ह्यांस कोणीं शिकविलें नाहीं, कोणीं घड्याळ लावून मोजलें नाहीं, आणि कोणीं बक्षीसहि दिलें नाहीं. उलट आपण माणसें काय करितों तें पाहावें. सकाळीं गजराच्या आवाजानें दचकून उठतों. हात लांबवितों तो अंग ताणण्यासाठीं नव्हे, तर उशाजवळचा मोबाईल घेण्यासाठीं. आणि मग दिवसभर बाकावर, कचेरींतील खुर्चीवर अथवा वाहनांत पाठ वांकवून बसतों. संध्याकाळीं पाठ धरल्याची तक्रार करणारांत आतां केवळ आजोबाच नसतात, आठवींतील नातूहि असतो. म्हणून ह्या वर्षीं विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या आईबापांनीं मिळून वाचावा असा एक पाठ येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मुक्या प्राण्यांपासून शिकावें ही गोष्ट जुन्या लोकांस नवी नव्हती. पवित्र शास्त्रांतील नीतिसूत्रांच्या ग्रंथांत आळशी मनुष्यास मुंगीकडे जाऊन शहाणपण घेण्यास सांगितलें आहे, आणि ईयोबाच्या ग्रंथांतहि पशुपक्ष्यांपासून बोध मिळतो असें म्हटलें आहे. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधांत ज्या अवधूताची कथा येते, त्यानें केलेल्या चोवीस गुरूंत कपोत, अजगर, हत्ती, हरिण, मासा, भ्रमर व कोळी हे आहेतच. परंतु वाचकांनीं हें विशेष ध्यानांत घ्यावें कीं, त्या चोवीसांत एक लहान बालकहि आहे. ह्या बालकाकडे आपणांस पुढें परत यावयाचें आहे.

आसनांस प्राण्यांचीं नांवें पडण्याची चालहि जुनी आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत आसन स्थिर व सुखकर असावें एवढेंच लक्षण सांगितलें आहे. त्यावरील व्यासभाष्यांत मात्र क्रौंच पक्षी, हत्ती व उंट यांच्या बसण्याचा उल्लेख येतो. पंधराव्या शतकांतील स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेंत जीं सुमारें पंधरा आसनें वर्णिलीं आहेत, त्यांत सिंह, कासव, कोंबडा व मोर दिसूं लागतात. पुढें घेरण्डसंहितेंत बत्तीस आसनांची गणना असून तींत मासा, बेडूक, बैल, टोळ, मगर, उंट, सर्प, गरुड असा मोठा परिवार जमला आहे. जगांत जितक्या जीवजाति तितकीं आसनें, अशी त्या ग्रंथाची समजूत; त्या चौऱ्यांशीं लक्षांतून मनुष्याच्या उपयोगाचीं म्हणून बत्तीस त्यानें निवडून काढिलीं.

आपल्या प्रांताचा तर ह्या विद्येशीं विशेष संबंध आहे. श्रीयोगेंद्र यांनीं १९१८ सालीं मुंबईस वर्सोवा येथें योगशिक्षणाची संस्था काढली. स्वामी कुवलयानंद यांनीं १९२४ सालीं लोणावळें येथें कैवल्यधाम स्थापून क्ष-किरण व दाबमापक यंत्रें यांच्या साहाय्यानें योगक्रियांची शास्त्रीय परीक्षा आरंभिली. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या संस्थानांतील शाळांतून सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. त्या नमस्कारांतहि भुजंगाप्रमाणें छाती उचलण्याची एक स्थिति आहेच. १९३७ सालापासून पुण्यास राहिलेले बी. के. एस. अय्यंगार यांचा १९६६ सालीं निघालेला इंग्रजी ग्रंथ देशोदेशीं गेला. २०१५ सालापासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून पाळला जातो, आणि त्या दिवशीं आमच्या पटांगणावरहि सतरंज्या पसरतात.

ह्याच उत्साहाच्या भरांत आमच्या हातून एक चूक घडली. ती येथें सांगणें आम्हांस अवश्य वाटतें, कारण ह्या पाठाचा उगम तिच्यांतच आहे. एका वर्षीं स्नेहसंमेलनाच्या प्रसंगीं आम्हीं मयूरासनाची स्पर्धा ठेविली. दोन्ही तळहात जमिनीवर टेकून, कोंपरें बेंबीच्या दोन्ही बाजूंस लावून, सर्व शरीर काठीसारखें आडवें तोलून धरावयाचें, असें हें कठीण आसन आहे. हातांत घड्याळ घेऊन आम्हीं सेकंद मोजले. टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि नववींतील एका मुलास आम्हीं मोठ्या कौतुकानें पहिलें बक्षीस दिलें. दुसऱ्या दिवशीं त्याचें मनगट सुजलें. तीन आठवडे त्यास उजव्या हातानें लिहितां आलें नाहीं. त्याची आई त्यास घेऊन शाळेंत आली. ती रागावली नाहीं, तिनें इतकेंच विचारलें, “सर, खरा मोर कधीं असा हातांवर उभा राहतो का हो?”

ह्या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. मोर आपल्या दोन पायांवर उभा राहतो. पंखांवर भार घेऊन तो कधींच उभा राहत नाहीं, आणि दुसऱ्या मोरापेक्षां आपण किती वेळ तोल धरिला ह्याची मोजदादहि तो ठेवीत नाहीं. त्या बाईंच्या प्रश्नानें आम्हांस पुन्हा मुळापासून विचार करावयास लाविलें.

विचारान्तीं असें दिसून आलें कीं, प्राण्याची आकृति हुबेहूब घेणें मनुष्यास शक्यच नाहीं. सापाच्या पाठींत दोनशेंहून अधिक मणके असतात. मनुष्याच्या मानेंत सात, छातीच्या मागें बारा व कमरेंत पाच, इतकेच मणके सुटे. त्यांतहि छातीमागचे बारा बरगड्यांनीं जखडलेले असल्यामुळें मागें फारसे वांकत नाहींत. मांजराच्या कमरेंत सात मणके असून, खांदा व छाती यांस सांधणारें आपल्यासारखें बळकट हाड त्यास नाहीं. म्हणूनच तें अरुंद सांदींतून सहज निसटतें. शिवाय वाढत्या वयाच्या मुलांत हाडांच्या टोकांजवळ मऊ कूर्चेचा भाग असतो. त्या भागांतूनच हाड लांब होत असतें. मनगटावर सर्व शरीराचा भार वारंवार व दीर्घ काळ घातल्यास त्या नाजूक भागास इजा पोंचूं शकते. आम्हीं ज्या मुलास बक्षीस दिलें त्यास आम्हीं खरोखर काय दिलें, हें आम्हांस तेव्हां कळलें.

मग प्राण्यापासून घ्यावयाचें काय? त्याची आकृति नव्हे, तर त्याची रीत घ्यावी. ह्या रीतींत तीन गोष्टी आहेत. पहिली ही कीं, प्राणी अंग ताणतो तें सावकाश. हिसका देत नाहीं. दुसरी, ताणतांना तो श्वास कोंडून तोंड लाल करीत नाहीं. आणि तिसरी, पुरें झालें म्हणजे तो थांबतो. ह्या तीन गोष्टी ज्यास साधल्या त्याचें आसन ओबडधोबड दिसलें तरी चालेल. ज्यास साधल्या नाहींत त्याचें आसन चित्रासारखें सुरेख असलें तरी तें फुकट होय.

आतां प्रत्यक्ष पाठाकडे वळूं. जेवणानंतर निदान तीन तास जाऊं द्यावे. जागा हवेशीर असावी. जमिनीवर न सरकणारी सतरंजी किंवा घोंगडी घालावी. कपडे सैल असावेत. श्वास, जेथें वेगळें सांगितलेलें नाहीं तेथें, नाकानेंच घ्यावा व सोडावा. खालीं दिलेलीं सहा आसनें ह्याच क्रमानें करावीं. सर्वांस मिळून सुमारें वीस मिनिटें पुरतात.

पहिलें मार्जारासन. रांगणाऱ्या मुलाप्रमाणें हातांवर व गुडघ्यांवर यावें. तळहात खांद्यांच्या बरोबर खालीं व गुडघे कमरेच्या खालीं असावेत. श्वास घेतांना पोट सैल सोडून छाती किंचित् पुढें आणावी; श्वास सोडतांना पोट आंत घेऊन पाठीची कमान करावी व हनुवटी छातीकडे वळवावी. असें पांच-सहा वेळां करावें. लहान मुलांनीं श्वास सोडतांना लांब “म्यांऽऽव” करावें. हा केवळ पोरखेळ नव्हे. आवाज काढावयाचा म्हणजे श्वास सोडावाच लागतो, आणि श्वास कोंडण्याची संवय त्यामुळें आपोआप मोडते. मनगट दुखत असल्यास तळहाताऐवजीं मूठ टेकावी.

दुसरें अधोमुख श्वानासन. मांजराच्या स्थितींतूनच पायांचीं बोटें जमिनीस टेकून गुडघे उचलावे व कंबर वर न्यावी, म्हणजे शरीराचा घराच्या छपरासारखा आकार होतो. मान सैल सोडावी. टांचा जमिनीस टेकल्याच पाहिजेत असा आग्रह धरूं नये. मांड्यांच्या मागच्या शिरा ताठ असतील त्यांनीं गुडघे खुशाल वांकवावे, मात्र पाठ लांब ठेवावी. तीन ते पांच श्वास थांबून गुडघे टेकावे. वडिलांनीं हें छप्पर केलें म्हणजे धाकट्या मुलानें त्याखालून रांगत जावें. मूल पलीकडे निघेपर्यंत वडिलांस थांबावेंच लागतें, आणि घड्याळाची गरज राहत नाहीं.

तिसरें भुजंगासन. पालथें निजावें, पाय मागें लांब करावे, तळहात छातीच्या बाजूंस ठेवावे. घेरण्डसंहितेंत बेंबीपासून पायाच्या अंगठ्यापर्यंतचा भाग जमिनीस लागलेला असावा असें सांगितलें आहे. हा नियम फार उपयोगाचा आहे, कारण त्यामुळें कोणी हातांच्या जोरानें कमरेवर नको तितका बांक आणीत नाहीं. श्वास घेत डोकें व छाती हळूहळू उचलावी. मान मागें मोडूं नये. नजर समोर जमिनीवर असावी. आपण पाठीच्या स्नायूंनीं उचललों आहों कीं हातांनीं, हें पाहण्यासाठीं तळहात क्षणभर बोटभर वर उचलून पाहावे. छाती धपकन् खालीं आली तर आपण हातांवरच विसंबलों होतों असें समजावें. दोन-तीन श्वासांनंतर मुलांनीं “स्स्स्” असा आवाज करीत खालीं यावें.

चौथें शलभासन. शलभ म्हणजे टोळ. उडी घेण्याआधीं त्याचा मागचा भाग उंचावलेला दिसतो, त्यावरून हें नांव. पालथेंच निजून, हनुवटी टेकून, हात शरीराच्या बाजूस ठेवावे. प्रथम एकच पाय गुडघा न वांकवितां वीतभर उचलावा, दोन श्वास थांबून खालीं ठेवावा, मग दुसरा उचलावा. हें नीट साधल्यावर कांहीं आठवड्यांनीं दोन्ही पाय एकदम उचलण्याचा यत्न करावा. कित्येक ठिकाणीं हें आसन श्वास रोखून करितात. मुलांनीं व रक्तदाबाचा विकार असणारांनीं तसें करूं नये.

पांचवें सिंहासन. गुडघे मोडून टांचांवर बसावें; ज्यांस तें जमत नाहीं त्यांनीं खुर्चीवर बसलें तरी चालेल. तळहात गुडघ्यांवर ठेवून बोटें पंजासारखीं पसरावीं. हठप्रदीपिकेंत तोंड उघडून दृष्टि नाकाच्या शेंड्यावर लावण्यास सांगितलें आहे. आम्ही मुलांकडून जीभ बाहेर काढवून, तोंडानें “हाऽऽ” असा श्वास सोडवून तीन वेळां हें करवितों. जबडा, घसा व चेहरा यांचा ताण ह्यानें मोकळा होतो. वडील माणसांस सर्वांत अवघड जातें तें हेंच आसन, आणि तें गुडघ्यांमुळें नव्हे, तर लाजेमुळें. आमच्या पहिल्या वर्गास आलेल्या पालकांनीं एकमेकांकडे पाहून नुसतेच ओंठ हलविले. मुलांनीं मात्र भिंती दणाणून सोडल्या. मग एक गृहस्थ, ज्यांस आम्हीं आजवर हंसतांना पाहिलें नव्हतें, त्यांनीं डोळे मिटून अशी गर्जना केली कीं त्यांची मुलगी दोन पावलें मागें सरली व मग खळखळून हंसली.

सहावें मकरासन. हें विश्रांतीचें आसन आहे. पालथें निजून पाय अंतरावर पसरावे, हातांची घडी करून तीवर कपाळ ठेवावें व डोळे मिटावे. नदीकांठीं वाळूवर मगर तासन्‌तास निश्चल पडून असते, तसें दोन-तीन मिनिटें पडून राहावें. ह्या स्थितींत पोट जमिनीस लागलेलें असल्यामुळें श्वास घेतांना तें जमिनीस दाबतें व सोडतांना आंत जातें, हें लहान मुलासहि स्पष्ट कळतें. ज्यांस पालथें निजतां येत नाहीं त्यांनीं उताणें किंवा कुशीवर निजून पोटावर हात ठेवावा.

मुलांनीं व वडिलांनीं हीं आसनें एकत्र करावीं, असा आमचा आग्रह आहे. दोघांचा धर्म मात्र वेगळा आहे. पांच ते दहा वर्षांच्या मुलांस फार वेळ स्थिर बसविणें हा अन्याय होय. त्यांनीं दोन-तीन श्वास थांबावें, आवाज करावे, एका प्राण्यापासून दुसऱ्या प्राण्याकडे खेळत जावें. त्याहून मोठ्या मुलांनीं चार-सहा श्वास थांबावें. प्रौढांनीं अधिक सावकाश जावें व वीस-तीस सेकंदांपर्यंत स्थिर राहण्याचा सराव करावा. मुलास वडिलांपासून स्थिरता मिळते. आणि वडिलांस मुलापासून काय मिळतें? येथें अवधूताच्या त्या बालगुरूकडे परत यावें. मूल मान-अपमानाची चिंता करीत नाहीं. तें पडलें तर हंसतें, दुखलें तर थांबतें. आम्हीं जोड्या लावून असा नियम केला आहे कीं, एकानें आसन करावें व दुसऱ्यानें त्याचे श्वास मोजावे. पहिल्याच दिवशीं एक सात वर्षांची मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही श्वासच घेत नाही आहात, मी मोजू काय?” आमच्यापैकीं कोणाहि शिक्षकाच्या ध्यानांत तें आलें नव्हतें.

कांहीं सूचना विसरूं नयेत. रक्तदाब ताब्यांत नसलेल्यांनीं, काचबिंदूचा विकार असलेल्यांनीं व घेरी येणारांनीं डोकें खालीं जाईल असें श्वानासन टाळावें. गरोदर स्त्रियांनीं पालथीं आसनें करूं नयेत. अंतर्गळ असलेल्यांनीं किंवा पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांनीं शलभासन, भुजंगासन व मयूरासन यांच्या वाटेस जाऊं नये. कमरेंतून पायांत कळ जात असेल तर प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. स्नायू ताणल्याची जाणीव ही एक, व सांध्यांतील टोंचणारी वेदना ही दुसरी. दुसरी जाणवतांच आसन सोडावें. मयूरासन आम्हीं शाळेंतील मुलांच्या पाठांतून काढून टाकिलें आहे, आणि आसनांची स्पर्धा तर कायमची बंद केली आहे.

आसनें केलीं म्हणजे धांवणें-खेळणें नको, असेंहि कोणी समजूं नये. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या सूचनांप्रमाणें पांच ते सतरा वर्षांच्या मुलांस रोज सरासरी साठ मिनिटें दमछाक होईल असा मध्यम अथवा जोराचा व्यायाम हवा, आणि प्रौढांस आठवड्यांत निदान दीडशें मिनिटें मध्यम व्यायाम हवा. वीस मिनिटांच्या आसनांनीं ही गरज भागत नाहीं. मांजरहि अंग ताणून झाल्यावर उंदरामागें धांवतेंच.

कांहीं पालक आम्हांस विचारतात कीं, हा अभ्यास आमच्या धर्मास चालेल काय? आमच्या वर्गांत निरनिराळ्या धर्मांचीं मुलें आहेत. येथें आम्ही कोणता मंत्र म्हणवीत नाहीं, कीं कोणाच्या श्रद्धेस हात लावीत नाहीं. मांजर, सर्प, टोळ व सिंह हे सर्व एकाच निर्मात्याचे जीव आहेत, आणि शरीर ही त्यानें विश्वासानें आपल्या हातीं सोंपविलेली ठेव आहे. ठेव राखावयाची ती दुसऱ्यास दाखविण्यासाठीं नव्हे, तर एक दिवस तिचा हिशेब द्यावयाचा असतो म्हणून.

शेवटीं, ज्या मुलाच्या मनगटाची गोष्ट वर सांगितली, त्याविषयीं दोन शब्द. त्याचें मनगट पूर्ण बरें झालें. आम्हीं त्याची व त्याच्या आईची क्षमा मागितली. हल्लीं शनिवारीं सकाळीं पालक व मुलें यांचा वर्ग भरतो, तेव्हां तो धाकट्या मुलांस मांजराचा पाठ शिकविण्यास आपण होऊन येतो. परवां एक लहानगा दांतओंठ खाऊन छाती उंच उचलीत होता. हा त्याच्याजवळ बसला व म्हणाला, “दुखलं की थांबायचं. कोणी मोजत नाही आहे.” आमच्या घड्याळानें त्यास जें शिकविलें नाहीं, तें त्याच्या मनगटानें शिकविलें, तें ऐकून आमची मान खालीं गेली.

विद्यार्थिमित्रहो, उद्यां सकाळीं अंथरुणांतून उठण्यापूर्वीं मोबाईलकडे हात न नेतां एकदां मांजराची आठवण करा. सावकाश अंग ताणा, श्वास मोकळा सोडा, आणि पुरें वाटलें कीं थांबा. जमल्यास शेजारच्या खोलींतील वडिलांसहि उठवा. त्यांस ह्याची गरज तुमच्यापेक्षां अधिक आहे.